पितराच्या पाटावर सुरुंगवाला

१४ एप्रिल १९५६, शनिवार

मी बोलते, सून लिहिते. तारीख तिची, बाकी सगळं माझं. मी म्हटलं होतं, ‘परवा पाडवा झाला’ एवढंच लिही, पुढचं ज्याचं त्याने मोजावं. तिला पटलं नाही. नवऱ्याची सवय लागलीय, तारखेशिवाय कागदाला हात लावायचा नाही.

मी झुंबरबाई. वय साठ की पासष्ट, ते जन्माच्या वेळी कुणी लिहून ठेवलं नाही आणि मी तेव्हा फारच लहान होते. अक्षर एकही येत नाही.

वही लीलाधरची. माझा एकुलता एक. गेल्या आश्विनात धुळ्याच्या दवाखान्यात मुदतीच्या तापाने गेला, चौतिसाव्या वर्षी. सरकारी क्वार्टर सोडलं तेव्हा तिथून ट्रंक आली. तिच्यात कपडे कमी, वह्या जास्त. एक कोरी निघाली. सून सुमन सहा महिने घरात अशी वावरते की तिच्यापेक्षा भांडी जास्त बोलतात. तिचा हात तरी हलावा म्हणून म्हटलं, मला रोजचं लिहून ठेवायचंय, तू माझा कारकून. ती बघत राहिली. म्हटलं, बघतेस काय, साहेबाची आई आहे मी.

मला रडू येत नाही, हेही लिही. बाया येतात, पदर डोळ्याला लावतात, मग माझ्या डोळ्यांकडे बघतात. मी विचारते, चहा टाकू का? जिथे दुखायला पाहिजे ती जागा बधिर आहे. चिमटा काढून पाहिला, दुसऱ्याच्या अंगाला काढल्यासारखा वाटला.

१७ एप्रिल, मंगळवार

आज खरं ते सांगून टाकते. वहीला तोंड नसतं.

लीलाधर मासळीखात्यात होता. गावाला आम्ही पाटबंधारे सांगितलं.

आमचं घर माळकरी. आमचे हे तर चातुर्मासात कांद्याच्या वाफ्यावरून चालायचे नाहीत. आणि पोरगा पुण्याहून जीवशास्त्र शिकून येतो अन् सांगतो, “आई, मला माशांची नोकरी लागली.”

“विकायची?” मी विचारलं.

“नाही. मोजायची. वाढवायची.”

ह्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी मीच वाट काढली. म्हटलं, मासे राहतात कुठे? पाण्यात. पाणी कुणाचं? पाटबंधाऱ्याचं. मग पोरगा पाटबंधाऱ्यात आहे म्हणण्यात खोटं काय? हे त्या समाधानावर जेवले, आणि दोन वर्षांनी त्याच समाधानावर गेले.

सुमनच्या बापालाही तेच सांगून सोयरीक जमवली. लग्नानंतर चौथ्या दिवशी हिने नवऱ्याची पिशवी आवरायला घेतली. आतून बाटली निघाली, बाटलीत औषधाचं पाणी, पाण्यात वेटोळं घातलेली वाम. ही ओरडली नाही. बाटली पुसली आणि फडताळात ठेवली, लोणच्याच्या बरणीपासून लांब. तेव्हाच म्हटलं, ही टिकेल. (लिहिताना थांबलीय. लिही, लिही, तुझी स्तुती काही रोज होणार नाही.)

आठ वर्षं झाली, गावात कुणाला पत्ता नाही. गुपित राखावं तर माझ्यासारखं.

२३ एप्रिल, सोमवार

जीवराम विहीर खोल करतोय. जीवराम म्हणजे माझा धाकटा दीर, ह्यांच्या मागे भाऊकीत तोच थोरला. केळीला पाणी पुरेना, म्हणून पारोळ्याकडून सुरुंगवाला आणलाय, पुना नावाचा. खडक फोडायला दरसाल आमच्या गावात येतो, आला की डोहावर लीलाजवळ टेकायचा. बायको भिकुबाई बरोबर असते, ती दगड उचलते. दुपारी धडाका झाला की माझी मडकी हलतात.

आज पाणवठ्यावर कळलं. विहिरीतून ज्या सुरुंगाच्या दारूच्या कांड्या उरतील त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जांभळीच्या डोहात टाकायच्या आहेत. गड्यांना मेजवानी.

उन्हाळ्यात आमची वाघूर जागोजाग तुटते. भरलेला राहतो तो गावाखालचा जांभळीचा डोह, आणि नदीचा वाचलेला सगळा जीव त्यात गोळा होतो. तिथे कांडी फुटली की लहान-मोठं सगळं पांढरं पोट वर करून तरंगतं. लीला म्हणायचा, आई, हे बियाणं आहे, आखाजीला बियाणं खाल्लं तर पोळ्याला नदी रिकामी. दोन-चार जातींचे मासे त्याने स्वतः डब्यातून आणून सोडलेत. पाच वर्षं आखाजीच्या आधी आठ दिवस रजा काढून यायचा आणि लेकीला मांडीवर घेऊन जांभळीखाली सतरंजीवर बसायचा. पहारा आहे असं कधी म्हणाला नाही. म्हणायचा, हवा खातोय. साहेब हवा खात बसलेला असताना कांडी कोण टाकणार?

यंदा तिथे कोणी बसणार नाही.

घरी येऊन सांगितलं. सुमन भाकरी थापत होती. म्हणाली, “एकशेबारा आहेत.”

“काय एकशेबारा?”

“मोठे मासे. गेल्या साली मोजले तेव्हा. पहिल्या साली चौदा होते.” मग हाताचं पीठ झटकून, “त्यांचं तेवढंच राहिलंय, आई.”

सहा महिन्यांत ही एवढं पहिल्यांदा बोलली. तव्यावरची भाकरी करपली. मी खाल्ली. हल्ली मला चांगली अन् करपलेली सारखीच लागते.

२४ एप्रिल, मंगळवार

जीवरामकडे गेले. ओसरीवर चार माणसं, मध्ये तो सुपारी कातरत बसलेला.

“भाऊजी, यंदा डोहात काही फोडू नका.”

“का बरं, वहिनी? नवस केलाय का डोहाला?”

“लीलाला आवडायचं नाही.”

“लीला पाटबंधाऱ्याचा साहेब. पाणी सोडायचं, पाणी अडवायचं. माशांचं त्याला काय?” असं म्हणून मिशीत हसला. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या.

मला सांगायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण त्याच्या गळ्यात माळ, भिंतीवर आमच्या ह्यांचा फोटो. मी म्हटलं, “तसं नाही, आवाज फार होतो.”

“आवाज तर माझ्या विहिरीचाही होतो.”

परत आले. पोराच्या बाजूने एक वाक्य बोलायचं होतं, ते जमलं नाही. स्वतःचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. पायात चपला नव्हत्या हे घरी आल्यावर सुनंदाने, माझ्या नातीने, दाखवलं.

२६ एप्रिल, गुरुवार

काही नाही. नातीला ताप नाही. कालही नव्हता, परवाही नव्हता.

२९ एप्रिल, रविवार

सुमनला म्हटलं, त्याच्या वहीतलं वाच. मला वाटलं शास्त्र असेल, ऐकता ऐकता डुलकी लागेल. तिने वाचलं ते तसंच इथे उतरवून घ्यायला सांगितलं.

‘पाणी दीड पुरुष. मरळीच्या चार जोड्या. वाम सात. आईचा खोकला कमी. सुनंदाने पाण्यात पाय सोडला, भ्याली नाही. जांभळं अजून हिरवी, सुमन हिरमुसली.’

मी म्हटलं, “म्हणजे आधी मरळ, मग वाम, मग आई? रांगेत तिसरी?”

“आई, प्रत्येक पानावर आहे. मासे एखाद्या दिवशी नाहीत, तुमचा खोकला रोज आहे.”

मी उठले आणि शेळीला पाणी दाखवलं. शेळीला तहान नव्हती.

एकदा मलाही त्याने डोहावर नेलं होतं. पाण्यावर शेंदूर सांडावा तशी लाल पिल्लं, शेकड्यांनी. म्हणाला, “त्यांच्याखाली बघ.” खाली काळ्या सावल्या, दोन. “मरळीची माय आणि बाप. पिल्लं मोठी होईपर्यंत दोघंही हलत नाहीत. खाण्याचंही भान नसतं.” मी म्हटलं, “तुझ्या बापाला दाखव. तू आजारी असलास की तो दोन भाकरी जास्त खायचा.” इतका हसला की सावल्या तळाला गेल्या. मग म्हणाला, “आता बस तासभर. वर आल्याशिवाय मोजता येणार नाहीत.”

बसलो.

४ मे, शुक्रवार

आखाजी नऊ दिवसांवर आली. गेलेल्याच्या नावाने घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबा ठेवायचा, सांजोऱ्या ठेवायच्या. आणि त्याच्या जागी एका पुरुषाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. लीलाची ही पहिली आखाजी, म्हणून सगळी भाऊकी आमच्याकडे जेवणार.

जीवरामने निरोप धाडला, “पितर म्हणून माझा तोताराम बसेल.” तोताराम त्याचा मुलगा. लहानपणी लीलाच्या वाटणीच्या कैऱ्या खायचा, आता त्याच्या वाटणीच्या पुरणपोळ्या खाईल. सवय मोडलेली नाही.

पण मी दुपारभर विचार केला. ज्या घरात माणूस पितर म्हणून जेवला त्या घरच्या गेलेल्याच्या जिनसेवर तो हात टाकत नाही. टाकला तर सात पिढ्या अन्न गोड लागत नाही म्हणतात. मग डोहात कांडी टाकणाराच पाटावर बसवला तर?

सुमनला म्हटलं, “पुनाला बसवू.”

“आई, ते मासे खातात.”

“मग बरंच की. आपल्या घरात माशांशी ओळख असलेला दुसरा कोण उरलाय?”

ती हसली असं वाटलं. माझी नजर अधू आहे, पैज लावणार नाही.

८ मे, मंगळवार

भाऊकी आमच्या ओसरीवर जमली. जीवराम उभाच राहिला. “सुरुंगवाला? पितराच्या पाटावर? वहिनी, जात नाही, गोत नाही, गाव नाही. कारण तरी सांगा!”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ह्यांच्या फोटोकडे पाहिलं नाही आणि बोलून टाकलं.

“माझा लीला पाटबंधाऱ्यात कधीच नव्हता. मासळीखात्यात होता. मासे मोजायचा, जपायचा. मी तुम्हाला आठ वर्षं खोटं सांगितलं. पुना त्याच्याबरोबर डोहावर बसलेला आहे, म्हणून पुना.”

मग मागून बेबाबाई, माझी चुलत जाऊ, म्हणाली, “व माय! हे आता सांगून राह्यली का तू?”

आणि सगळे हसले. म्हाताऱ्यासुद्धा.

“त्याच्या पिशवीचा वास नशिराबादेपर्यंत जायचा, बाई,” बेबाबाई म्हणाली. “तुझं मन राखायला गाव गप्प होतं.”

जीवरामही हसत होता. “दादालाही ठाऊक होतं, वहिनी, की आम्हाला ठाऊक आहे. मला म्हणाला होता, झुंबरला कळू देऊ नका.”

म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनच राखलं होतं. लाज वाटायला हवी. काही वाटलं नाही. फोटोतले हे मात्र आज जरा लबाड दिसतात.

हसून झाल्यावर जीवराम म्हणाला, “बसवा तुमच्या पुनाला, माझी ना नाही. पाटावर बसला की तोच आमचा लीला. पण गड्यांना मी शब्द दिलाय. पुनाचा हात अडवाल, तर संध्याकाळी कांडी तोताराम टाकेल.”

झालं. माझी सगळी अक्कल तिथेच बुडाली. पाटावर एकच माणूस मावतो, आणि कांडी पेटवायला कुणाचाही हात चालतो.

११ मे, शुक्रवार

काल सुमन धुणं घेऊन डोहावर गेली. दोन लुगडी धुवायला तीन तास. विचारलं तर म्हणाली, भिकुबाई भेटली. दोघी काय बोलल्या? “असंच.” (इथे टाक अडला. शाई संपली म्हणते. अक्षर येत नसलं तरी भरलेली दौत मला ओळखू येते.)

आज पुना आमंत्रणाचा मान घ्यायला आला. दारातच उभा.

“मोठी माय, माले कशाले बलाई राहिनी? मी सुरुंगवाला मानूस शे.”

“म्हणूनच. बस.”

बसला नाही. म्हणाला, “भाऊनी माले एक मरेल मासाना पोटमा अंडा दखाडात. म्हने, पुना, मोज. मी मोजी राहिनू, मोजी राहिनू, संध्याकाय व्हई गई. तवयपासून मना हातघाई डोहमा कांडी पडनी नई.”

“तेव्हापासून तुझ्या हातून डोहात कांडी पडली नाही. मग यंदा?”

“मालक सांगस ते करनं पडस, माय.” आणि आत, सुमन होती तिकडे, एकदा बघून गेला.

मला वाटतं तहान लागली असेल. पाणी विचारायचं राहिलं.

१३ मे, रविवार, आखाजी

सगळं झालं. सुमन म्हणते उद्या लिहू. मी म्हटलं, आत्ताच.

घागर भरली. चुलीच्या विस्तवावर आगारी, पितरांच्या नावाचा घास, टाकली, धूर सरळ वर गेला. पुना अंघोळ करून नवं धोतर नेसून आला. त्याचे पाय मी धुतले. खडक फोडून टाचांना भेगा पडलेल्या. लीलाचे पाय असे नव्हते. पाटावर बसवून गंध लावलं.

समोर भाऊकीच्या पंगती मांडलेल्या, चाळीस पानं. खापराच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, रशी. पण पितर जेवून तृप्त झाला असं त्याच्या तोंडून आल्याशिवाय कुणी घास घेत नाही. हे घरच्या वडील माणसाने विचारायचं असतं, गेलेल्याचं नाव घेऊन. घरात पुरुष नाही, म्हणून मी विचारणार.

पुना खाली मान घालून जेवला. चार पोळ्या झाल्या, रसाची वाटी तीनदा भरली. मी पळी घेऊन जवळ बसले.

“लीला, पोट भरलं का?”

“नई.”

कुणी तरी हसलं. चांगली गोष्ट आहे, पितराला भूक आहे. मी पोळी वाढली. त्याने खाल्ली.

“लीला, पोट भरलं का?”

“नई.”

आता कुजबुज झाली. रसावर माशी बसली. तोतारामच्या पोटात गुरगुरलेलं मला इकडे ऐकू आलं. आणखी एक पोळी वाढायला गेले तर पुनाने पानावर हात आडवा धरला.

मी तिसऱ्यांदा विचारलं. “लीला, बाबा, भरलं का रे पोट?”

“नई, माय.”

“मग काय पाहिजे?”

त्याने जीवरामकडे पाहिलं. “डोह पाहिजे.”

जीवराम म्हणाला, “हा पुना बोलतोय! शिकवलेलं बोलतोय!”

बेबाबाई म्हणाली, “पुना कुठे आहे पाटावर? परवा तूच म्हणालास ना, पाटावर बसला की तोच लीला? घाल आता समजूत त्याची. नाही तर उठव उपाशी, पहिल्या आखाजीला, आणि तूही ऊठ.”

जीवरामने पानाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. पहिल्या आखाजीला पितर अतृप्त उठला तर ते भाऊकीला किती पिढ्या पुरतं हे त्याला सांगायला नको. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. “यंदा नाही टाकणार कुणी.”

“कायमना,” पुना म्हणाला.

जीवरामने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच हे रांधलं. “कायमचा दिला डोह. माझ्या हयातीत आणि तोतारामच्याही.” पाणी सोडलं.

पुनाला हे कुठून सुचलं कोण जाणे. माणूस साधा. भिकुबाई हुशार आहे, तिनेच शिकवलं असेल. सुमन म्हणते, असेल.

डोह वाचला. सगळ्यांचे चेहरे सुटले. आता मी चौथ्यांदा विचारायचं, त्याने हो म्हणायचं, की पंगत सुरू.

मी विचारलं नाही.

विसरले नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. जीवराम म्हणाला, “वहिनी, विचारा ना.” मला शब्द येत होते. पण तृप्त झालो म्हटलं की पितर पाटावरून उठतो आणि मागे न बघता दाराबाहेर जातो, तो रिवाज आहे. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तो नाही म्हणाला. चौतिसाव्या वर्षी कुणाचं पोट भरतं? खरं तेच बोलला होता. आणि जोवर नाही म्हणत होता तोवर माझ्यासमोर बसलेला होता. मी विचारलं नाही तर उठणार नव्हता. चाळीस माणसं उपाशी राहिली तर राहू देत. म्हातारीला बहिरी समजोत, वेडी समजोत.

किती वेळ गेला माहीत नाही. रस काळा पडायला लागला होता.

मग सुमन आली. पंगतीसमोर, सगळ्या पुरुषांदेखत, सात महिन्यांत जी चार माणसांत आली नव्हती ती. माझ्या शेजारी खाली बसली, माझ्या हातातली पळी काढून घेतली.

“आई,” ती म्हणाली, “त्यांना जाऊ द्या.”

मी विचारलं. आवाज माझाच होता, पण आतून नव्हता.

“भरनं, माय,” पुना म्हणाला. पाटाला हात लावून नमस्कार केला, उठला आणि दारातून गेला. मागे पाहिलं नाही. रिवाज नीट पाळला त्याने.

पंगत जेवली. तोताराम सात पोळ्या जेवला. आता सगळे घरी गेलेत. पाट तिथेच आहे, समोरचं उष्टं पानही. पितराचं पान घरच्या माणसाने उचलून नदीत सोडायचं असतं, ऊन उतरायच्या आत. सुमन म्हणते, “आई, माश्या बसतायत.”

म्हटलं, बसू दे. तू लिहिणं ठेव आणि जेवून घे जा, सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही. मी बसलेय इथे पानाजवळ.